परदेशातल्या मंडळीशी नातं जोडताना आधी ठरवा: हे नातं नेमकं कोणाचं?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यापलीकडे तुमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, आहे, दीडशेच्या आसपास कुटुंबं. गेल्या हिवाळ्यात नोकरीनिमित्त मुंबईत आलेलं एक जर्मन जोडपं काही रविवार तुमच्या उपासनेला येत होतं. ते परत गेल्यावर त्यांच्या पाळकबाईंचा ईमेल आला: आपल्या दोन मंडळ्यांनी भगिनी-मंडळ्या व्हावं का? त्यावर तुमच्या कमिटीत तीन तट पडले. एक गट म्हणतो, देवानेच दार उघडलं, गळक्या छपराचं काम होऊन जाईल. दुसरा म्हणतो, परदेशी माणसं आणि परदेशी पैसा म्हणजे नसती कटकट. तरुण संघ म्हणतो, चर्चा पुरे, येत्या रविवारी झूमवर भेटूया. आणि सेक्रेटरी म्हणून तुम्ही विचारताय, सुरुवात कुठून करू?

मी मुंबईतल्या मराठी मंडळ्यांचे हिशेब आणि परदेशी पत्रव्यवहार बरीच वर्षं सांभाळते आहे. त्या अनुभवावरून लिहिते. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. तुमची मंडळी एखाद्या डायोसिसखाली, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्रात, आहे की स्वतंत्र ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, मिळकत कोणाच्या नावावर आहे, पाळक बदलून जातात की कायम असतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही ‘पास्टोरेट कमिटी’ आणि ‘बिशपसाहेब’ असे शब्द वापरले आहेत, म्हणून मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारखी रचना धरून चालते. स्वतंत्र मंडळी असाल तर पैशांबद्दलचा भाग वेगळा पडेल, बाकीचं तसंच लागू आहे.

छप्पर, कायदा आणि झूम हे तिन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते दुसऱ्या पायरीवरचे. पहिला प्रश्न हा की हे नातं कोणाचं कोणाशी असणार. पाळकसाहेबांचं त्या पाळकबाईंशी? त्या जोडप्याचं तुमच्या दोन-तीन कुटुंबांशी? की मंडळीचं मंडळीशी? मुंबईतल्या मराठी मंडळ्यांची परदेशी नाती मी तुटताना पाहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक पैशांच्या भांडणामुळे तुटली नाहीत. ती एका माणसाच्या खांद्यावर उभी होती आणि तो माणूस तिथून हलला, म्हणून तुटली.

एका उपनगरातल्या मंडळीचं उदाहरण सांगते, नाव नको. परदेशी मित्रांच्या मदतीने त्यांच्याकडे संगणकाचा वर्ग सुरू झाला. चांगला चालला. पत्रं पाळकांच्या खासगी ईमेलवर यायची, पाहुणे त्यांच्याच घरी उतरायचे, वर्गाचे फोटो तेच पाठवायचे. पुढे त्यांची बदली झाली. नव्या पाळकांना फाइलमध्ये एकही पत्र सापडलं नाही. परदेशी मित्र जुन्याच पत्त्यावर लिहीत राहिले आणि जुन्या पाळकांनी नव्या ठिकाणी तसाच वर्ग उघडला. आधीच्या मंडळीला वाटलं आपलं पळवलं. तिकडच्या लोकांना कळेना की आपण नक्की कोणाला मदत करतोय. यात कोणी लबाडी केली नव्हती, एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण कमिटीच्या मिनिट बुकात त्या नात्याबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे आणि त्याला खर्च नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. ईमेलचं मराठी भाषांतर करून वाचून दाखवा, चर्चा होऊ द्या आणि ठराव लिहून घ्या. ठरावात चार-पाच जणांचा गट नेमा: महिला मंडळातली एक, तरुण संघातला एक, खजिनदार, आणि शक्यतो कोणी निवृत्त शिक्षक किंवा कारकून, ज्याला पत्रव्यवहाराची आणि फाइल लावण्याची सवय आहे. पाळक गटात असावेत, पण एकटे नसावेत. या कामासाठी मंडळीच्या नावाने वेगळा ईमेल उघडा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. आलेलं प्रत्येक पत्र उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये दोन मिनिटांत मराठीत सांगा. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या आजींना त्या जर्मन गावाचं नाव आणि तिथल्या पाळकबाईंचं नाव माहीत झालं, की नातं मंडळीचं व्हायला लागलं असं मी समजते.

तिकडेही हीच चौकशी करा. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना सभासदांनी निवडलेली परिषद असते. हा प्रस्ताव परिषदेने मंजूर केला आहे की परत गेलेल्या जोडप्याच्या आणि पाळकबाईंच्या उत्साहातून आला आहे, हे सरळ विचारा. विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. उलट तुम्ही गंभीर आहात हे त्यांना कळेल. आणि बिशपच्या कार्यालयाला आत्ताच, पहिल्या टप्प्यावर पत्र देऊन ठेवा. ‘परवानगी मिळाली नाही तर?’ या भीतीने लोक हे टाळतात आणि पुढे पैशाचा किंवा पाहुण्यांचा प्रश्न आला की अडकतात. शिवाय डायोसिसचं त्याच भागातल्या चर्चशी आधीपासून नातं असू शकतं. मग तुम्हाला अर्धी वाट तयारच मिळेल.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. मुंबईच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा जन्मच परदेशी संबंधातून झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्या पहिल्या नात्यात निर्णय तिकडे व्हायचे आणि काम इकडे. पण आपल्या लोकांनी ते तसंच राहू दिलं नाही. नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला माणूस, पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवतो आणि १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उभा राहून स्वतःच्या कामाबद्दल स्वतः बोलतो. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, कारण त्यांना मराठी मातीतलं ख्रिस्तीपण हवं होतं. परदेशी मित्रांशी त्यांचं वैर नव्हतं.

या सगळ्यांत मला सर्वांत उपयोगी वाटतं ते पंडिता रमाबाईंचं उदाहरण. मी कमिट्यांना नेहमी तेच सांगते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं. मुदत ठरलेली, हेतू ठरलेला. अमेरिकेत ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि साध्या घरांतल्या बायका वर्षाला थोडे थोडे पैसे देऊ लागल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ती शाळा, शारदा सदन, सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हललं. इकडे रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. म्हणजे दोन्हीकडे समिती, मधे एक खंबीर बाई, आणि लिखित करार. इतकं असूनही १८९३ मध्ये वाद पेटला. सदन कोणत्याही धर्माचा आग्रह धरणार नाही असं ठरलं होतं. रमाबाईंच्या मते ज्या मुलीला स्वतःहून त्यांच्या प्रार्थनेला बसावंसं वाटतं तिला उठवणं हा त्या कराराचा भाग नव्हता. पुण्याच्या सल्लागारांच्या मते तसं बसू देणं हाच करारभंग होता. सल्लागारांनी राजीनामे दिले. बॉस्टनने मदत थांबवली नाही. दहा वर्षं संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, हिशेब आणि हकिगत मांडली, आणि असोसिएशनची नव्याने रचना झाली.

यातून मी माझ्या कामात दोन गोष्टी उचलल्या. नात्याला मुदत असावी आणि मुदत संपल्यावर समोरासमोर बसून पुढचं ठरावं. दुसरं म्हणजे एकाच वाक्याचा अर्थ दोन्ही बाजू कसा घेतात, हे आधीच उदाहरणं देऊन तपासावं. ‘आम्ही गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत करू’ असं त्यांनी लिहिलं तर विचारा: फक्त मंडळीतली मुलं, की शेजारच्या वस्तीतली कुठल्याही धर्माची? ‘प्रगतीचा अहवाल पाठवा’ म्हणजे मुलांची नावं आणि घरची परिस्थितीही का? आज हे प्रश्न चहा पिता पिता सुटतात, तीन वर्षांनी सुटत नाहीत.

आता ज्या गोष्टीवर कमिट्या सर्वांत कमी बोलतात त्याबद्दल. आपण त्यांना काय देणार? तुमच्या पहिल्या गटाला वाटतं की आपण घेणारे आणि ते देणारे. ही समजूत एकदा बसली की नातं दरवर्षी एका अर्जावर येऊन थांबतं. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरया यांनी पाश्चात्य मंडळ्यांचा त्याग मान्य केला आणि मग प्रेमाची मागणी करून म्हटलं, ‘आम्हाला मित्र द्या’. १९७१ मध्ये केनियाचे पाळक जॉन गाटू तर याहून पुढे गेले: काही काळ तुमचे मिशनरी आणि तुमचा पैसा दोन्ही थांबवा, म्हणजे आम्हाला आमच्या पायांवर उभं राहता येईल. त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या कमिटीने एक संध्याकाळ या प्रश्नावर घालवावी असं मला मनापासून वाटतं.

जर्मन मंडळीची अवस्था आधी समजून घ्या. तिथे नोंदणीकृत सभासदांकडून प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च-कर सरकारी यंत्रणेमार्फत वसूल होतो. त्यामुळे इमारती आणि पगार आपल्या तुलनेत भक्कम दिसतात. पण सभासद वर्षानुवर्षं कमी होत आहेत, तरुण नाव काढून घेतात, आणि चर्चच्या मोठ्या देवळात रविवारी मोजकी वयस्क माणसं बसलेली असतात. त्या जोडप्याने तुमच्या मंडळीत काही रविवार काय पाहिलं असेल याचा विचार करा. भरलेले बाक, पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं, उपासनेनंतर अर्धा तास रेंगाळणारी माणसं, कोणाच्या घरी आजारपण आहे हे सगळ्यांना ठाऊक असणं. छपराला मदत करावी म्हणून तिकडून पत्र आलेलं नाही. बहुधा छप्पर गळतं हे त्यांना माहीतही नसेल.

आणि दुःखही समान आहे. भायखळा, गिरगाव, परळ इथल्या जुन्या मराठी मंडळ्यांतली कुटुंबं भाडी आणि पुनर्विकासामुळे बदलापूर, विरार, पनवेलकडे पांगली. तुमच्या मंडळीत जी कुटुंबं आहेत त्यांतली अनेक अशीच आली असणार. म्हातारी माणसं जुन्या देवळापाशी, मुलं दीड-दोन तासांच्या लोकल प्रवासावर. जर्मनीतली तरुण माणसं वेगळ्या कारणांनी दूर गेली, पण रिकाम्या बाकांसमोर उभं राहणाऱ्या पाळकाची काळजी तीच. दोन मंडळ्यांच्या संभाषणासाठी मला हा सर्वांत चांगला पहिला विषय वाटतो. अशा एका ऑनलाइन बैठकीत मी होते. आपल्या बाजूने एका काकूंनी सांगितलं की त्या दर महिन्याला पांगलेल्या कुटुंबांपैकी एकाच्या घरी जाऊन संध्याकाळची प्रार्थना घेतात, आणि यजमानांनी फक्त चहा करायचा हा नियम आहे, म्हणजे कोणावर ओझं पडत नाही. पलीकडच्या बायकांनी वह्या काढून लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्यांच्या गावात तसं सुरू केलं आणि कळवलं. त्या दिवसापासून आपल्या महिला मंडळाचा त्या नात्यातला आवाज बदलला.

महिला मंडळावरून आठवलं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन तुमच्याकडे होतच असेल. त्याची उपासना दरवर्षी वेगवेगळ्या देशातल्या बायका तयार करतात आणि तीच जगभर होते, जर्मनीतही. म्हणजे एक आंतरराष्ट्रीय धागा तुमच्या बायकांच्या हातात आधीच आहे. त्या दिवशी दोन्ही मंडळ्यांनी एकमेकींसाठी नावं घेऊन प्रार्थना करणं ही उत्तम सुरुवात आहे आणि त्याला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही.

तरुण संघाच्या झूमबद्दल: जरूर करा, पण ठरावानंतर. त्यांची रविवारची दहाची उपासना म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड, कारण ते घड्याळ पुढे-मागे करतात. तेवढं वेळापत्रकात लिहून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरच्या शेवटी एक रविवार माणसं उगाच ताटकळतात. इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नाही, त्यामुळे मंडळीतल्या दोन-तीन इंग्रजी माध्यमाच्या मुलांनीच बोलायचं आणि बाकीच्यांनी हात हलवायचा असं होऊ देऊ नका. आजीने मराठीत प्रार्थना करावी, नातवाने दोन वाक्यांत सांगावं. तिकडच्या आजोबांनी जर्मनमध्ये करावी. महिन्याला एक भेट पुरे. दर आठवड्याचा उत्साह पावसाळा येईपर्यंत ओसरतो.

पैशांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर तुमच्या मंडळीलाच नाही, सगळ्या डायोसिसला झळ बसते. परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे २०१० चा एफसीआरए, धार्मिक संस्थांना देणगी घ्यायला मनाई करत नाही. पण नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर १५ लाख रुपये तरी खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि मंडळ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नोंदणी असलेल्या एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. पूर्वी डायोसिसच्या खात्यात पैसा यायचा आणि तिथून मंडळीकडे वळता व्हायचा. आता तुमची मंडळी वेगळा ट्रस्ट असेल तर तसं करता येत नाही. फार तर डायोसिस स्वतः ते काम हाती घेऊन स्वतः खर्च करू शकते. ते शक्य आहे का, हे तुमच्या ट्रस्टच्या कागदांवरून डायोसिसचे सीए सांगतील. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा माझ्या उत्तरावर विसंबून एक रुपयाही घेऊ नका.

लोकांच्या लक्षात न येणाऱ्या जागा वेगळ्याच असतात. परदेशी पाहुण्याने उपासनेत दानपेटीत पाचशेची भारतीय नोट टाकली तरी ती परदेशी देणगीच धरली जाते, कारण चलन कुठलं हे बघत नाहीत, देणारा कोण हे बघतात. मंडळीला भेट दिलेला प्रोजेक्टर किंवा लॅपटॉपही त्यातच येतो. पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या खासगी खात्यात ‘तात्पुरते’ मागवलेले पैसे हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो. उलट, तुमच्याच मंडळीतला दुबईला नोकरीला असलेला मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी होत नाही. तोच पुढे कॅनडाचा नागरिक झाला तर होते. छपरासाठी आधी अशा आपल्या मुलांना विचारा. माझा अनुभव असा की त्यांना कोणी विचारतच नाही.

तुमच्या पहिल्या गटाला माझं सांगणं: पहिली दोन वर्षं पैशाचा विषय काढू नका आणि तसं त्यांना पहिल्या पत्रातच कळवा. त्याऐवजी समांतर काम करा. त्यांनी त्यांच्या गावातल्या वृद्धाश्रमात जावं, तुम्ही तुमच्या भागातल्या. प्रत्येकाने आपला पैसा आपल्याच देशात खर्च करावा आणि काय शिकलो ते एकमेकांना लिहावं. सीमा ओलांडून रुपया जात नाही आणि तरी दोघं एकाच कामात असतात. पुढे कधी देणगी आलीच तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय कमिटीत वाचा. तिथे स्वतः गरीब असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्या देतात, आणि पौल ती रक्कम एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणी दोष लावू नये म्हणून. खजिनदारांसाठी याहून स्पष्ट सूचना मला बायबलात दुसरी सापडलेली नाही.

पाहुणे येतील तेव्हाचं थोडक्यात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, नाताळाच्या धामधुमीत नको, पावसाळ्यात तर नकोच. घरी उतरवणार असाल तर ज्यांच्या घरी ते राहतील त्यांनी २४ तासांच्या आत पाहुण्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधी सांगून ठेवा. रविवारचा कार्यक्रम ठरवण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक बघा. आणि आपली एक प्रेमळ सवय आवरा: परदेशी पाहुणा दिसला की ‘दोन शब्द बोला’ म्हणून त्याला वेदीपाशी बोलावण्याची. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला उपासनेला बसता येतं, पण धार्मिक स्थळी भाषण करता येत नाही. त्या पाळकबाई पर्यटक व्हिसावर आल्या आणि तुम्ही त्यांचा संदेश ठेवलात, वर त्याचा व्हिडिओ टाकलात, तर त्रास त्यांना होईल आणि तुम्हालाही. त्यांना तुमच्यामध्ये बसू द्या, सर्वांसोबत गाऊ द्या.

तुमची माणसं तिकडे जाणार असतील तर आणखी एक. मंडळीत रेल्वे, सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांमधली माणसं असतातच. परदेशात यजमानांच्या खर्चाने राहण्या-जेवण्यासाठी अशा नोकरदारांना केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागते. तिकीट काढल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं. आणि प्रत्येक वेळी पाळक आणि सेक्रेटरी यांनीच जायचं नाही, हेही ठरावात लिहा. पहिल्या तुकडीत महिला मंडळातली एक आणि पंचविशीच्या आतला एक असावा.

फोटोंबद्दल मी कडक आहे. मुलांचे चेहरे, घरांच्या आतले फोटो आणि ‘अंधारातल्या वस्तीत प्रकाश’ अशा मथळ्याचा मजकूर तिकडच्या पत्रिकेत छापून आला, तर इथे तुमच्या शेजारधर्माला तडा जातो. वस्तीतल्या माणसांना आपल्याबद्दल तिऱ्हाइताला काय सांगितलं जातं हे कळायचा हक्क आहे. म्हणून करारात लिहा की आमच्याबद्दल जे छापाल ते आधी आम्हाला दाखवाल, आणि तुमच्याबद्दल आम्ही जे लिहू ते आम्ही तुम्हाला दाखवू. तिकडचे लोक हे सहसा आनंदाने मान्य करतात, कारण त्यांच्याकडे खासगीपणाचे नियम आपल्याहून कडक आहेत.

करार एका पानाचा पुरे. मुदत तीन वर्षं. दोन्हीकडच्या गटांची नावं आणि मंडळीचा ईमेल, महिन्याची एक भेट, प्रार्थनेचे दिवस, पैशाचा विषय कधी आणि कोणामार्फत, फोटोंचा नियम, पाळक बदलले तर नव्या पाळकांना महिन्याभरात फाइल देण्याची जबाबदारी कोणाची, आणि तीन वर्षांनी थांबायचं की पुढे जायचं हे ठरवण्याची बैठक. मराठी, जर्मन आणि इंग्रजी अशा तिन्ही प्रती करा. मराठी प्रत उपासनेत वाचा आणि नोटीस बोर्डावर लावा.

म्हणजे तुमच्या तीन गटांपैकी पहिल्याला दोन वर्षं धीर धरायला सांगा. दुसऱ्या गटाला पैसे आणि पाहुणे यांच्या नियमांचं काम सोपवा, कारण शंका घेणारी माणसं हे काम सर्वांत चोख करतात. तरुण संघाला ठरावानंतर पहिली ऑनलाइन भेट द्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की ईमेलला तीन आठवडे होऊन गेले, सभा पुढच्या महिन्यात आहे, तोवर काय करायचं. आजच चार ओळी पाठवा: पत्र मिळालं, आनंद झाला, मंडळीच्या सभेत अमुक तारखेला विषय घेत आहोत, त्यानंतर मंडळीच्या वतीने उत्तर देऊ. खाली सेक्रेटरी म्हणून तुमची आणि पाळकसाहेबांची, अशा दोन सह्या असू द्या, आणि त्या पत्राची छापील प्रत काढून नव्या फाइलमध्ये पहिलं पान म्हणून लावा.